तापल्या काचेवर ओलं फडकं

ता. ४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं. परवा मी काचकाम शिकवणाऱ्या बाईंची काचेची सुरई फोडली. त्यांनी सकाळपासून ज्योतीवर फुंकून फुगवलेली, मान काढलेली सुरई मला जरा वेळ नुसती धरायला दिली होती. तिच्यावर डाग दिसला. मग काय, दुकानात लहानपणापासून करते तेच हातून झालं. हाऽऽ करून वाफ सोडली आणि ओल्या फडक्याने पुसली. काच अजून तापलेली होती. टिच्च आवाज झाला आणि हातात नुसती धरायची दांडी उरली. चष्मेवाल्याची पोर ती चष्मेवाल्याचीच राहिली.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते तुकडे झाडून काढले. मला शिकायला ठेवायचं की नाही, ते पुढच्या शनिवारी सांगणार आहेत. नाही म्हणाल्या, तर ठरल्याप्रमाणे परत येऊन गल्ल्यावर बसेन. पण बाबा, खरं सांगते, मला यायचं नाही. नळीच्या टोकाला मऊ काच फुगायला लागली की मला दुसरं काही सुचत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? रागावलात तरी लोभ असू द्या.

आपली,
भिंगरी

ता. ९ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकासमोरच उघडलं आणि इतका हसलो, की त्याचा चष्मा वाकडा बसवला. बाईंना वाटेल, बापाने पोरीला एवढंच शिकवलं. खरंच एवढंच शिकवलं. गार काचेचं सगळं मला ठाऊक आहे, तापलेल्या काचेपुढे मी अडाणी. म्हणून सल्ला देत नाही. तुझी आई देते: सरळ जाऊन माफी माग आणि तोंड पाडून बसू नकोस. तिचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि कण्हते, दोन्ही जोरात.

गल्ल्याचं मनावर घेऊ नकोस. शनिवारचं कळव.

तुझे,
बाबा

ता. १३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. बाईंनी विचारलं, पुसायला का गेलीस? मी म्हटलं, काचेवरचा डाग मला बघवत नाही. त्यांनी ज्योत पेटवली. मग म्हणाल्या, "तापल्या काचेचा डाग ज्योतीनेच जातो. बस इथे."

आणि मी बसले, बाबा! पहिला मणी बटाट्यासारखा झाला. बाई म्हणाल्या, दुसरा कर. दोन वर्षं शिकवणार आहेत.

आता जीव तुमच्यात अडकलाय. दुकान एकट्याने किती ओढणार? तुम्ही ये म्हणालात तर येईन. पण म्हणू नका ना.

आपली,
भिंगरी

ता. १८ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुकानात तुझ्या जागी माणूस ठेवलाय. आज नाही, सुरई फुटल्याचं वाचलं त्याच संध्याकाळी. तुझी आई म्हणाली, पोर परत आली तर? मी म्हटलं, एवढं फोडूनही जिला यायचं नाही, ती कुठली येतेय! तेव्हाच लिहिलं असतं, तर तुला वाटलं असतं बापाने दार लावलं. म्हणून गप्प बसलो.

माणूस कामाला बरा आहे, बोलतो फार. तुझ्याशिवाय दुकानात करमत नाही, हे खरं आहे. पण म्हणून येऊ नकोस.

तुझे,
बाबा