सहीची मुदत

प्रिय कोठावळ्या,

ऑफिसात तुला सगळे याच नावाने हाक मारायचे. वेधशाळेच्या कॉम्प्युटरांना लागणारे प्रोग्राम तुझ्या कोठारातून जायचे आणि तुझ्या डिजिटल सहीशिवाय एकही कॉम्प्युटर ते घेत नसे. मागच्या आठवड्यात साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितला: तुझी पद्धत ठेवायची, की बाहेर सर्रास चालते ती नवी आणायची.

तुलना मी प्रामाणिकपणे केली. तुझ्या पद्धतीत सगळं सामायिक. अनेक प्रोग्रामना एकच गोष्ट लागत असेल तर ती एकदाच ठेवायची, सगळ्यांनी वापरायची. तिच्यात खोट निघाली तर एका जागी दुरुस्ती केली की सगळे बरे. उलट तीच बिघडली की सगळे आडवे. नव्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्राम आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. कुणाचं कुणावाचून अडत नाही. ही बिऱ्हाडं जागा मात्र फार खातात, आणि एकच खोट प्रत्येक बिऱ्हाडात शिरून शोधावी लागते. शिवाय ती पद्धत कालचं सगळं जपून ठेवते. आज घेतलेलं पटलं नाही तर कालच्यावर परत जाता येतं. हे मला आवडलं. तू म्हणाला असतास, आवडणारच, तुला कधी काही टाकून देता आलंय का.

डोंगरावरच्या केंद्राचा मुद्दा मी ठळक लिहिला. तिथली इंटरनेटची लाइन इतकी बारीक की नवी पद्धत पहिल्याच प्रयत्नात दमली. तुझं कोठार फक्त बदललेला तुकडा पाठवतं. तो तुकडा वर पोचेपर्यंत आपण जिन्यातल्या खिडकीशी चहा घेत उभे राहायचो. सामायिक बरं की वेगळं बरं, यावर वाद घालायचो. टेलिफोनवाल्या बाई येता-जाता म्हणायच्या, इतकं भांडायचंय तर एकदाचं लग्न तरी करून टाका. त्यावर तू कप विसळायला जायचास. मी खिडकीबाहेर बघायचे.

साहेबांनी मसुदा वाचला. बाई, सगळं खरं, पण त्यांच्या पश्चात हे बघणार कोण, असं मला विचारलं. मी म्हटलं, ते हयात आहेत. तसं नव्हे हो, म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. निवृत्त झाल्यावरही तू घरून सही करत राहिलास, म्हणून कुणी शिकलंच नाही. मीसुद्धा. शेवटी मी नव्या पद्धतीची शिफारस केली. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

पण पत्राचं कारण ते नाही. परवा सकाळी सगळ्या कॉम्प्युटरांनी तुझ्या कोठारातलं सामान नाकारलं. तुझ्या सहीची मुदत संपली होती. ती तू नेहमी आधीच वाढवून ठेवायचास. एक वेळ जेवायला विसरशील, पण हे नाही. म्हणून तुझ्या घरी फोन केला. तुझ्या ताईंनी उचलला. म्हणाल्या, अगं, तो कॉम्प्युटर सुरू करतो, बटणांवर बोटं ठेवतो आणि मला विचारतो, ताई, मी काय काम करायचो? मला मेलीला काय सांगता येणार, कॉम्प्युटरमध्ये होतास एवढंच म्हणते. त्या रडत नव्हत्या. दमल्या होत्या. तर, तू हे काम करायचास. वर लिहिलंय ते. चांगलं करायचास. हे पत्र ताई तुला वाचून दाखवतील. उद्या पुन्हा विचारलंस तर पुन्हा वाचतील.

तुझीच,
कटकट
(हे नाव तू ठेवलं होतंस)