आवळलेलं झाकण

नोनसान, ८ नोव्हेंबर

चि. इन-ग्यू भाऊजींस, अ. आ.

दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी मी सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडत बसले होते. बूट चढवता चढवता तुमचे दादा म्हणाले, कारखान्यातल्या क्षाराच्या डब्याचं झाकण मी स्वतः आवळलं होतं, ओल लागलेली नाही. मी म्हटलं, मला काय सांगता, साहेबांना सांगा. सांगितलं, म्हणाले, ते हसले.

त्यानंतर दोन महिन्यांत हे गेले. कारखान्यातल्या बॅटऱ्या थेक-ग्यूच्या, म्हणजे यांच्याच, हलगर्जीपणाने खराब झाल्या, हे बोलणं मात्र राहिलं.

वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचलं, की बॅटरीतल्या द्रवातल्या त्या क्षाराला ओल लागली की आम्ल तयार होतं आणि ते कॅथोडमधला धातू खातं. म्हणजे साहेब म्हणतात तसं होऊ शकतं. पण ओल न लागताही होतं का? तुमच्या प्रयोगशाळेत बघाल? खोटा दिलासा नको. यांचीच चूक निघाली तरी कळवा.

जेवण वेळेवर करा.

वहिनी

देजॉन, १९ फेब्रुवारी

ती. वहिनीस, सा. न.

तुमचा प्रश्न ऐकून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मला विचारतात, तुमच्याऐवजी वहिनींनाच का नेमू नये.

सीलबंद डब्यातला तोच क्षार कोरड्या खोलीत काही बॅटऱ्यांत घातला, काहींत दुसरा. बाकी सगळं सारखं. सगळ्या कारखान्यातल्याइतक्याच उष्णतेत ठेवून मग उघडल्या. पहिल्यांच्या कॅथोडमधलं मँगनीज विरघळून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेलं. दुसऱ्यांचे कॅथोड जवळजवळ जसेच्या तसे. तो क्षार उष्णतेने आपणहूनच मोडतो, वहिनी.

दादांनी झाकण आवळलं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण कितीही आवळलं असतं तरी त्या बॅटऱ्या वाचल्या नसत्या. त्यांच्या साहेबांना जाऊन आकडे दाखवले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासले. मग म्हणाले, चूक आमची झाली, उद्या सगळ्यांना बोलावून सांगतो.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

इन-ग्यू

नोनसान, २७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस, अ. आ.

पत्र शनिवारी आलं. यांच्या फोटोपुढे बसून मोठ्याने वाचलं. रडू येईल वाटलं होतं, पण भूक लागली. दोन वाट्या भात खाल्ला.

झाकण आवळलेलंच होतं. ते मला माहीत आहे, त्याला प्रयोग नको. पण तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, म्हणून बाकीचं खरं वाटलं. सुखी राहा.

ही दोन वर्षं मी गावच्या सार्वजनिक स्नानगृहात सोमवारी दुपारी जात होते, कारखान्यातल्या बायका तेव्हा नसतात. तिथे एकमेकींची पाठ चोळायची रीत, पण माझी चोळायला कोणी नसे. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या गर्दीत गेले, साहेबांच्या बायकोशेजारी बसले आणि तिच्याकडून पाठ चोळून घेतली.

वहिनी