तारमास्तरांच्या पाण्याची वाट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या घराचा पाया भरून झाला. तू जागा न पाहता, नुसत्या माझ्या मापांवर नकाशा काढलास आणि तो इथे असा चपखल बसला की गवंडीही तुझी चौकशी करत होता. मी सांगितलं, जन्मभर भूमापन कार्यालयात रेघा मारल्यात तिनं, भावाची काय बिशाद वाकडी रेघ मारायची.

शेजार एकच आहे, उताराखाली. पूर्वी तारखात्यात होते, म्हणून सगळे त्यांना तारमास्तर म्हणतात. घरात आणखी कोण आहे ते अजून दिसलेलं नाही. वरच्या झऱ्याचं पाणी त्यांच्याकडे मातीच्या भाजक्या नळातून जातं, आणि तो नळ आपल्या जमिनीखालून, नेमका स्वयंपाकघराच्या जागेतून गेलाय. त्यावर बांधू नका, असं ते सांगून गेले होते. तुला कळवलं असतं तर तू घरच सरकवलं असतंस, म्हणून गप्प बसलो. जुना नळ घराच्या वर तोडला आणि नवी प्लॅस्टिकची लाइन घराला वळसा घालून थेट त्यांच्या मोरीत नेऊन दिली. पाणी पूर्वीपेक्षा जोरात येतं. तरी ते परत आले. पाण्याबद्दल तक्रार नाही म्हणाले, फक्त जुना नळ पुन्हा चालू करा. म्हातारा जमिनीवर डोळा ठेवून आहे की काय, अशी मला शंका येते.

लोभ आहेच, तो हे वाचूनही आटू देऊ नकोस.
तुझा,
बंड्या

१२ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अरे, खरेदीखत नीट वाचलंस का? माझ्याकडची नक्कल मी आज काढून पाहिली. झऱ्याचं पाणी त्या नळातून नेण्याचा आणि नळाच्या देखभालीसाठी येण्याजाण्याचा त्यांना वहिवाटीचा हक्क आहे, आणि त्यावर बांधकाम करायचं नाही, असं स्वच्छ लिहिलंय. पाणी देऊन तू त्यांच्यावर उपकार करत नाहीयेस. मी चार हात स्वयंपाकघर सरकवलं असतं, तेवढ्यात काम भागलं असतं. पण तुला लहानपणापासून आधी करायचं आणि मग सांगायचं.

ते साध्या शब्दांत मागतायत, तर का मागतायत ते तरी विचार. माणूस एकदा दुखावला की शेजार म्हणजे नुसती भिंत उरते.

मला खरी काळजी आहे ती चिमणीची. तुझी बायको भाजी आणायला गेली तरी तासभर बोलून येणारी. तिथे ती बोलणार कुणाशी? तू तर जेवताना मान वर करत नाहीस. तिला म्हणावं, मला लिहीत जा.

रागावले तरी माया तेवढीच आहे.
तुझी ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राहायला येऊन महिना होत आला. तुझी काळजी फुकट गेली, असं लिहायला बसलो होतो, पण आता कसं लिहावं ते कळत नाही.

आल्यापासून हिला एक सोबत मिळाली होती. ओट्याखालच्या फरशीतून एका बाईचं बोलणं ऐकू यायचं. अगदी घरगुती, दूध उतू गेलं का, कपडे वाळले का, असलं. मीही ऐकलंय. तो तोडलेला नळ फरशीखाली आहेच, त्याचं दुसरं टोक तारमास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या मोरीत, तेव्हा त्यांच्या मंडळींचा आवाज येत असणार, असं आम्ही धरून चाललो. ही खाली बसून उत्तरं द्यायला लागली. दुपारच्या दुपार गप्पा. मी चेष्टाही केली की तारमास्तरांची बायको शोभते खरी.

परवा ते कुंपणाशी भेटले, तेव्हा हिने त्यांना म्हटलं, काकूंना सांगा, आज मी जरा उशिरा बसेन. कोण काकू, असं त्यांनी विचारलं. हिने फरशीतलं बोलणं सांगितलं, तेव्हा ते सगळं बोलले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या जुन्या नळाचं पाणी मोरीत पडायला लागलं की त्यात त्यांचं बोलणं ऐकू यायचं. लोक वेडा म्हणतील म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. मी नळ तोडल्यापासून घर मुकं झालंय, म्हणाले. मग हिला विचारलं, चुलीपाशी वाकताना कंबर धरते, असं अजून म्हणते का ती? ही हो म्हणाली.

मला हात जोडून नळ मागतायत, ताई. आणि ही म्हणते, फरशीला हात लावायचा नाही.

उत्तर लवकर दे, एवढी माया कर.
बंड्या

२७ एप्रिल

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

रिकाम्या नळातून आवाज लांब जातो. एकटा माणूस घरात स्वतःशी बोलत असेल, बायकोच्या सुरातही बोलत असेल. मी स्वतःला हेच समजावतेय. तरी पत्र वाचल्यापासून मोरीतला नळ घट्ट बंद करते आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू.

ते काहीही असो, त्यांचं आहे ते त्यांना दे. फरशी फोड, नळ जोड आणि वर एक झाकण ठेव, म्हणजे देखभालीला वाट राहील. नवा नकाशा सोबत पाठवतेय. आणि फोडण्याआधी चिमणीला माझ्याकडे पाठव. आधी तिला पाठव, मग पहार उचल. निदान या वेळी सांगितलेल्या क्रमाने कर. दोन महिने झाले, तिची मला एक ओळ नाही. हे तिचं लक्षण नव्हे.

दोघांनाही जवळ घेऊन,
तुझी ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नळ जोडला. ही तुझ्याकडे यायला तयार होईना आणि गवंडी पुन्हा मिळाला नसता, म्हणून ती घरात असतानाच जोडला. तुझा क्रम मी पाळला नाही.

ती शेजारी उभी होती. अडवलं नाही, रडली नाही. पाणी सोडलं तशी फरशीखाली खळखळ झाली आणि चिमणीचं बोलणं थांबलं. त्यानंतर ती एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. जेवते, काम करते, माझ्याकडे बघून हसते. पुढ्यात कागद ठेवला तर बाजूला सारते.

तारमास्तर पहिल्या दिवशी येऊन माझे हात धरून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते चेहरा पडलेला घेऊन. त्यांची बायको बोलते आहे, पण एकटी नाही, म्हणाले. कुणीतरी तिला उत्तरं देतं, हसतं. मी त्यांच्या मोरीपाशी जाऊन बसलो. ताई, ती चिमणी आहे. तुझं कौतुक सांगत होती, मी घोरतो ते सांगत होती. एवढी मोकळी मी तिला कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. मी ऐकायला कधी बसलो होतो म्हणा.

तारमास्तर स्वतः म्हणाले, पाणी बंद करा, माझा हक्क मी सोडला. पण नळ कोरडा झाला की हिचा आवाज परत येईल की तिकडेच अडकेल, हे त्यांनाही सांगता येत नाही. आणि मी पाणी बंद करायला नळाच्या चावीकडे निघालो की ही आधीच तिथे जाऊन बसलेली असते. हसून नुसती मान हलवते.

आता मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. दोघे पुरुष मोरीपाशी, पाण्याला कान देऊन. काल पाण्यातून तिने काकूंना म्हटलेलं ऐकलं, आमचे हे जेवले असतील की नाही कोण जाणे. मी लगेच वाकून सांगितलं, जेवलो गं. पुन्हा मोठ्याने सांगितलं. ती तेच विचारत राहिली. पाणी आमच्याकडून त्यांच्याकडे वाहतं, ताई. तिकडचं बोलणं उलटं वर येत नाही.

तू ये. मायेने नको, हक्काने ये.
बंड्या