डाव्या कोपऱ्यासाठी तुमच्याविरुद्ध

कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार, १२ जानेवारी

अहो,

सकाळी पाणी भरलं, पूजा केली. दहा वाजता शेखर भावजी आणि मंडळाची माणसं आली, साडेअकराला गेली. पाच वाजता भावजींचा फोन आला. आजचा दिवस एवढाच. पण जे झालं ते तुम्हाला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. आज मी तुमच्याविरुद्ध बोलले. सगळ्यांच्या देखत.

बैठक दरवर्षीसारखी आपल्याकडेच होती. दुपारी वर्तकनगरच्या सभागृहात यंदाच्या स्पर्धेसाठी खेळाडूंची निवड होती. चिठ्ठीने नंबर लागणार, आणि प्रत्येक संघ आपल्या पाळीला एक नाव घेणार. आपल्या कबड्डी संघात जागा एकच रिकामी होती, डाव्या कोपऱ्याची. तुमच्यामागे पहिलीच बैठक, आवाज जरा खालीच असेल असं वाटलेलं मला. कसलं काय!

"रॉकी घोटा कसा धरतो बघितलं ना? एकदा धरला की समोरचा तोंडावर!" हे शेखर भावजी.

"आणि सुटला की समोरचा आपल्या दोघांना बाद करून जातो, ते पण सांगा की," जयेश म्हणाला. तोच, रिक्षावाला, तुमच्याशी हुज्जत घालणारा.

"मग कोणाला घेऊ? टिटवाळ्याच्या निलेशला? अरे, त्याच्या सोसायटीचा वॉचमन तरी ओळखतो का त्याला!"

सगळे हसले. मग भावजी एकदम गंभीर झाले. "हे बघा, भाऊ हॉस्पिटलमधून स्वतः बोललेले माझ्याशी. रॉकीच घ्या म्हणालेले. विषय संपला."

तुमच्या फोटोसमोर कोण काय बोलणार?

तो फोन मीच लावून दिला होता. तुमच्या कानाशी धरून उभी होते. तेव्हाच मला वाटत होतं की तुम्ही चुकताय. पण सलाईन लावलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? आणि त्याआधी, तुम्ही धडधाकट असताना, मी एकदा बोलले होते, आठवतं का? रॉकी घाई करतो, एवढंच म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ही भज्यांचं बघेल, कबड्डीचं आपण बघू." मीही हसले होते. का हसले असेन?

तुम्ही नेहमी मैदानाच्या कडेला बसायचात, गुणफलकाजवळ. आम्ही बायका अंतिम रेषेच्या मागे. तुम्हाला पकड दिसायची. आम्हाला पाठी दिसायच्या आणि एकमेकांत धरलेले हात. तुम्ही कधी मागे येऊन बसलात का हो? बसला असतात तर दिसलं असतं. रॉकी घोट्यावर झेपावायला जोडीदाराचा हात आधीच सोडतो. तिथे वाट उघडते. निलेश सोडत नाही. चढाईवाल्याचं पाऊल वळेपर्यंत तो हात धरून ठेवतो, मग दाबतो, आणि दोघं एकदम त्याच्यावर पडतात. पकडीत वर दिसतो तो जोडीदार, म्हणून नाव जोडीदाराचं होतं.

एवढं सगळं आज मी बोलले. भज्यांचं पीठ कालवत होते, तशीच बाहेर आले, पिठाच्या हातांनी. जयेशला उभं केलं, त्याच्या मनगटाला धरून दाखवलं. त्याचा शर्ट पिठाने माखला.

भावजी म्हणाले, "वहिनी, पण भाऊंची इच्छा..."

"त्यांची इच्छा संघ जिंकावा ही होती," मी म्हटलं. "रॉकीबद्दल ते चुकत होते."

बोलल्यावर तुमच्या फोटोकडे बघायचा धीर झाला नाही. खरंच सांगते. भावजी बराच वेळ चपला घालत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "हरलो ना, तर मंडळासमोर तुम्हीच उत्तर द्यायचं, वहिनी."

"देईन," मी म्हटलं.

पाच वाजता त्यांचा फोन आला. "घेतला तुमचा निलेश. आणि ऐका, रॉकीला पलीकडच्या संघाने उचललाय. पहिलाच सामना त्यांच्याशी." आवाजात राग होता की गंमत, कळलं नाही.

रागावलात का? रागवा. तुमच्याशी भांडायचं होतं ते तुमच्या हयातीत, समोरासमोर. ते राहून गेलं, आणि त्यात निम्मी चूक माझी आहे.

पण आता मागे हटणार नाही. प्रत्येक सामन्याला जाईन, अंतिम रेषेच्या मागे माझ्या जागीच बसेन. निलेश कमी पडला तर घरी येऊन तुमच्या फोटोसमोर उभी राहून सांगेन, की तुम्ही बरोबर होतात. आणि नाही पडला, तर तेही सांगेन. मोठ्याने.

आज भजी झालीच नाहीत. सगळे तसेच उठून गेले. पीठ पातेल्यात तसंच झाकून ठेवलंय, कांद्याला पाणी सुटलं असेल. थोडं बेसन घालते आणि माझ्यापुरती चार तळते.

तुमची,
सुनंदा