सईच्या ताटातला पहिला घास

प्रिय दादा,

ओठ अजून बधिर आहे. दवाखान्यातून आत्ताच रोडपालीला तुझ्या घरी आलेय. वहिनीने चहा टाकलाय आणि माझी लेक सई कोपऱ्यातून माझ्याकडे टक लावून बघतेय. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून तुला लिहितेय.

तू गेल्यावर पनवेलची ही पहिलीच खेप. मी नाशिकहून आले की एक नवं हॉटेल शोधायचं, आणि माझ्या ताटातला पहिला घास तू घ्यायचास. कोळंबी किंवा तो बारीक सुक्या कोळंबीसारखा जवळा, काहीही पोटात गेलं की माझा घसा आवळतो, आणि तुमच्या या भागात जवळा कशात असेल याचा भरवसा नाही. तू सावकाश चावायचास, मग म्हणायचास, "खा बिनधास्त." त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं इथे बाहेर जेवले.

सईलाही तेच आहे हे कळलं तेव्हा तू हसला नव्हतास. "हिचं ताट कोण बघणार?" एवढंच म्हणालास. मग इतकी घाई का केलीस रे?

वहिनी म्हणाली, उलव्यात नवीन हॉटेल झालंय, तुलाही आवडलं असतं. सगळीकडे खोदकाम, अर्धवट इमारती, आणि मधेच ते छोटंसं हॉटेल. मला दारातच नको वाटत होतं. मालकीणबाई जवळच्याच गव्हाण गावच्या, हसऱ्या. मी विचारलं, "वांग्यात मासे नाहीत ना?"

"नाय ओ ताई, मासली नाय त्यान. नुसतं वांगं हाय."

तू असं विचारायचा नाहीस. "मासे नाही म्हणजे काय काय नाही, तेवढं सांगा," म्हणायचास आणि मालक वैतागेपर्यंत जवळा, सुकट, सोडे अशी एकेक नावं घ्यायचास. मला लाज वाटायची. आज मी ते विचारलं नाही.

सईने भाकरी मोडली. काय वाटलं कोण जाणे, मी तिचा हात धरला आणि तो घास माझ्या तोंडात घातला. आधी काहीच नाही. मग ओठ चुरचुरायला लागला.

"सई, हात धू. आत्ता."

बाई धावत आल्या. "चवीला जवला टाकलाय नुसता. त्याला कोन मासली बोलतंय?" त्या खोटं बोलल्या नव्हत्या, दादा. त्यांच्या घरी जवळा मीठ-मसाल्यातच धरतात. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी इथवर यायला वेळ मिळेलच असं नाही." वहिनी तेव्हा बाहेर होती, तिला मी सांगितलेलं नाही. सईने मात्र ऐकलं. घरी आल्यावर माझ्या पाठीशी उशी लावत म्हणाली, "मामाने तुझा घास घेतला, तू माझा घेतलास. आता तुझा मी घेणार."

तुला त्या घासाने काही होत नव्हतं रे! आम्हा दोघींना होतं. हे तिला कसं सांगू? मी तर तिच्यासमोरच तो घास गिळला.

तुला वचन देते. यापुढे पहिला घास ती घेणार नाही आणि मीही नाही. तिला तुझा प्रश्न शिकवीन, समोरचा वैतागेपर्यंत विचारायला, आणि उत्तर पटलं नाही तर उपाशी उठायला. आजपासूनच.

सई चहा घेऊन आलीय. कपात एक घोट कमी आहे.

तुझी,
बेबी