खुर्चीवर बसा, तोतारामभाऊ

६ जानेवारी, सोमवार

शी. अंगाला अजून त्या वर्गाचा वास येतोय — फिनेल, ओली घोंगडी आणि वरून हितेंद्र सरांचं अत्तर.

जेलमधली नवी बॅच सुरू झाली. बावीस जण, सगळे लवकरच सुटणारे. त्यांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करणं हे आमच्या संस्थेचं काम, म्हणजे माझं. संस्थेचे हितेंद्र सर फक्त बॅनर सरळ करायला आणि फोटो काढायला येतात. त्यांनी दिलेल्या यादीतला पहिला प्रश्न — ‘पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ एक जण म्हणाला, “बाहेर.” सर खो-खो हसले. मी ती यादी मिटून ठेवली.

७ जानेवारी

नाव पुकारलं की हे लोक जमिनीवर उकिडवे बसतात. समोर खुर्ची असताना! मोजणीच्या वेळी जोडीजोडीनं खाली बसायचं, मान वर करायची नाही — ती सवय. तोताराम सोळा वर्षं तसा बसलाय. शिंदखेड्याकडचा, पन्नाशी उलटलेला. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली, तो मेला. मी खुर्ची पुढे केली तर जमिनीवर हात ठेवून म्हणतो, “नही ताई, आठेच बरं शे.”

किळस आली. त्याची नाही, त्या बसण्याची. आमचे आबा केळीच्या गोदामात हमाल होते. शेठसमोर अगदी असेच बसायचे, आणि मी डबा घेऊन दारात उभी असायचे.

१४ जानेवारी

संक्रांत. सरांनी प्रत्येकाच्या हातावर तिळाचा एक लाडू ठेवला आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो काढला. एकाचा फोटो हलला म्हणून त्याच्याकडून लाडू परत घेऊन पुन्हा दिला.

थू!

१७ जानेवारी

तोताराम सव्वीस जानेवारीच्या माफीत सुटणार. मुलगी रत्ना धुळ्यात सासरी असते. तिनं निरोप धाडलाय — “काम धरीसन ये. नहीतं दारशी येऊ नको.” तिचाही दोष नाही. सासू-सासऱ्यांना तोंड तिला द्यायचंय. पण याला दुसरं कोणीच नाही.

धुळ्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायला माणूस हवाय. तिथल्या शेठना फोन केला, जेलचंही लपवलं नाही. “पाठवा, बघतो,” म्हणाले.

आता रोज एकच. आत जा. नमस्कार करा. कोणी सांगायची वाट न बघता खुर्चीवर बसा. डोळ्यात बघून बोला. तो म्हणतो, “ताई, खुर्चीवरथून पडसू असं वाटस.” मी म्हटलं, पडा, पण बसा.

२४ जानेवारी

बसला! पाठ ताठ, नजर समोर, एकदाही मान खाली नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं. सरांनी नेमका तेव्हाच मोबाइल काढला. मी त्यांचा हात खाली केला.

२८ जानेवारी

दुपारी शेठचा फोन. “मॅडम, कसला माणूस पाठवला? कामावर घ्यायच्या आधीच माझ्यासमोर खुर्चीत! माझा मुकादम वीस वर्षांचा जुना, तो अजून उभ्यानं बोलतो. आणि हा खुनातला माणूस डोळ्यात डोळे घालून बघतो?” आणि फोन ठेवून दिला.

आधी शेठला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग स्वतःचीच घाण वाटायला लागली. शेठसमोर कसं बसतात हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक? लहानपणी रोज बघितलं. तरी त्याला उलटं शिकवून पाठवलं. खुर्ची मला हवी होती. आबांसाठी.

तोतारामकडे फोन नाही. कामाशिवाय त्याला रत्नाकडे जाता येत नाही. कुठे असेल?

२९ जानेवारी

सरांचा मेसेज — ‘मुलाखत झाली ना? मग अहवालात यशस्वी लिहा.’

अहवालातला तो रकाना कोराच ठेवला.

३ फेब्रुवारी

सकाळी अनोळखी नंबर. रत्नाचा. बोलत होता तोताराम, आणि आवाजात नुसता आनंद. “ताई, काम लागनं! मी परत गऊ. खाले बठनू, मान खाले घाली. शेठ म्हने, आते कसा शाना व्हयना. काल रत्नानी ताट वाढं. तुमना उपकार शेतस, ताई.”

अकरा वाजता नवी बॅच. पहिलं नाव पुकारलं. तो माणूस उठला, खुर्चीपर्यंत आला आणि तिच्या शेजारी खाली बसला.

मी त्याला ‘खुर्चीवर बसा’ म्हटलं नाही. दुसरं नाव पुकारलं.