बुट्रोस जबूरचा मुलगा

प्रिय वदी,

'वॉल्टर' लिहायला माझा हात वळत नाही. आईनं ठेवलेलं नावच गोड मानून घे.

पंतप्रधानांचा फोन आला तेव्हा मी दुकानामागं बटाट्याची पोती उतरवून घेत होतो. राणीचा प्रतिनिधी, आपल्या बेटाचा नायब राज्यपाल व्हाल का, म्हणाले. मी तुझ्या वहिनीकडं, नजलाकडं पाहिलं. ती म्हणाली, "हो म्हणून टाका. राज्यपालांच्या एवढ्या मोठ्या घरात तुमचं घोरणं तरी ऐकू यायचं नाही."

गावात कुजबुज चालूच आहे. न्हाव्याकडं एकजण म्हणाला, "फेरीवाल्याचं पोर आता राणीच्या जागी बसणार!" मी म्हटलं, "बसणार. आणि तुम्हीच हात मिळवायला रांगेत उभे राहणार."

लेबनॉनहून आलेले आपले बाबा पाठीवर विकायच्या मालाची पेटी घेऊन बर्फातून शेतं तुडवत हिंडले. कुणी चुलीशी बसवून चहा दिला, कुणी कुत्रं सोडलं. शाळेत पोरं ओरडायची, "ए, पेटीत उंट आणलास का रे?" तू मान खाली घालायचास, मी ठोसा घालायचो. पुढं तू टोरांटोला गेलास, जबूरचा जेम्स झालास. मी कधी जाब विचारला नाही. माझं दुकान जळालं तेव्हा लोक म्हणाले, आता हा गाशा गुंडाळणार. दुसऱ्या दिवशी त्याच काळ्या भिंतींपुढं ट्रक लावून मी साबण आणि पीठ विकलं. ज्या बायकांनी बाबांना चहा पाजला होता, त्यांच्या सुना सगळ्यांत आधी आल्या. आज तीन दुकानं आहेत, तिन्हींवर 'जबूर' लिहिलंय.

काल तुझं पत्र आलं. शपथ 'फ्रेड जेम्स' या नावानं घे, आईला घरीच टीव्हीसमोर बसव, तिचा डोक्यावरचा रुमाल आणि मोडकं इंग्रजी पाहून माझे भागीदार काय म्हणतील, असं लिहिलंस. आईला मी ते वाचून दाखवलं नाही. ती स्वयंपाकघरात कुब्बेसाठी मटण कुटत होती, 'वदीला आवडतं' म्हणत.

तर ऐक. मी शपथ फरीद बुट्रोस जबूर म्हणूनच घेणार. आई पहिल्या रांगेत बसेल, रुमालासकट. तिच्या शेजारची खुर्ची तुझी आहे. दारात प्रत्येकाचं नाव मोठ्यानं पुकारतात; तुझं मी 'वदी जबूर' असंच लिहून दिलंय. ते ऐकून आत यायची हिंमत असेल तर ये. नसेल तर खुर्ची रिकामी राहील. दुसऱ्या कुणाला मी ती देणार नाही.

तुला रुचो न रुचो, तुझाच थोरला भाऊ,
फरीद